पाणचट म्हणण्याआधी: सिंघा आणि बिअरलाओ नीट चाखायची कशी

बँकॉक किंवा लाओसची राजधानी व्हिएन्तियान इथून परतलेल्या माणसाला "तिथली बिअर कशी होती?" असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं: "थंडगार, मस्त!" किंवा "अगदीच पाणचट." पहिल्या उत्तरातून तिथला उकाडा कळतो, दुसऱ्यातून चाखणाऱ्याची घाई. बिअर कशी होती ते दोन्हींतून कळत नाही.

लागर म्हणजे कमी तापमानात सावकाश आंबवलेली बिअर. हलक्या रंगाची लागर चाखणं हे गडद बिअर चाखण्यापेक्षा अवघड काम आहे. मिसळीत मीठ जरा कमी पडलं तर तर्रीत खपून जातं, साध्या वरणात लगेच उघडं पडतं. लागर त्या वरणासारखी आहे. तिच्यातल्या खुणा बारीक असतात, आणि मळका ग्लास, बर्फाइतकी थंडी किंवा तोंडातला चकणा यांपैकी एकानेही त्या पुसल्या जातात. चुका बहुतेक वेळा पहिल्या घोटाच्या आधीच झालेल्या असतात, म्हणून या लेखात निम्मी जागा तयारीला दिली आहे.

उदाहरणाला दोन बिअर घेऊ: थायलंडची सिंघा आणि लाओसची बिअरलाओ. दोन्ही लागर, दोन्हींत मद्यार्क ५ टक्के. फरक धान्याचा आहे. सिंघा निव्वळ जवाच्या माल्टची, तर बिअरलाओत माल्टच्या जोडीला लाओसमध्ये पिकलेला तांदूळ. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, तसाच. मद्यार्क सारखा आणि धान्य वेगळं, त्यामुळे चाखायला शिकण्यासाठी ही जोडी मला फार सोयीची वाटते.

## पायरी १: माल निवडणं आणि घरापर्यंत आणणं

भारतात परतताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं आणि बिअर त्यातच मोजली जाते. ३३० मिलीचे सहा डबे म्हणजे १.९८ लिटर, म्हणजे मर्यादेत बसतात. सातवा डबा बसत नाही. प्रत्येक बिअरचे तीन डबे घ्या. एकाच डब्यावरून मत बनवू नका, कारण तो एखादा डबा उन्हात पडून राहिलेला असू शकतो.

बाटलीपेक्षा डबा बरा, कारण त्यात उजेड शिरत नाही. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. त्यांतल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. काहींना तो गांजासारखा वाटतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारशी अडवत नाही आणि पारदर्शक तर जवळजवळ नाहीच. एकदा मी दुकानाच्या दर्शनी खिडकीत उन्हात मांडलेली हिरवी बाटली घेतली आणि बिअरच वाईट आहे असं लिहून मोकळा झालो. वर्षभराने त्याच नावाचा डबा उघडला तेव्हा तो वास औषधालाही नव्हता.

तपासा: डब्याच्या बुडावरची तारीख. थाई मालावर वर्ष कधीकधी बौद्ध सनात छापलेलं असतं. २५६८ दिसलं तर घाबरू नका, ५४३ वजा करा, २०२५ येतं. मुदत उरली आहे एवढ्यावर समाधान मानू नका. लागर ताजी असतानाच खरी बोलते, म्हणून उत्पादन होऊन चारेक महिन्यांच्या आतला माल शोधा.

सावधान: डबे चेक-इन बॅगेतच जातील, केबिनमध्ये नाही. प्रत्येक डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवा.

## पायरी २: विसावा आणि तापमान

प्रवासात हिंदकळलेली बिअर त्याच रात्री उघडू नका. फ्रिजमध्ये दोन दिवस उभी ठेवा, पण दाराच्या कप्प्यात नको. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सारखं वरखाली होतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी बिअर फ्रीझरमध्ये टाकायची, वर ग्लासही बर्फात गोठवायचा. १-२ अंशांवर वास वर उठतच नाही आणि जीभ बधिर होते. मग "चव नाही" हा शेरा आपोआप येतो. चाखण्यासाठी ५ ते ७ अंश सेल्सिअस हवेत. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून डबा चाखण्याच्या पाच-सात मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात तीन मिनिटंही पुरतात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर पहिल्यांदा ओतलेल्या ग्लासात बुडवून बघा, एकदा अंदाज आला की पुन्हा लागणार नाही.

## पायरी ३: ग्लास

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या घरात ग्लास हाच मोठा अडथळा असतो. ज्या ग्लासातून काल दूध किंवा ताक प्यायलं गेलं, त्याला स्निग्ध पदार्थाचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. त्या थरावर फेस टिकत नाही. घासणीला लागलेलं तेल, भांडी धुण्याच्या साबणाचा राहिलेला अंश आणि ओट्यावरच्या फडक्याने पुसणं यांचाही परिणाम तोच.

1. चाखण्यासाठी तीन एकसारखे काचेचे ग्लास वेगळे काढा. त्यांत दुसरं काही पिऊ नका. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही.
2. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून नव्या, तेल न लागलेल्या घासणीने आतून घासा.
3. वाहत्या पाण्याखाली तीन वेळा खळखळून धुवा.
4. जाळीवर उपडे ठेवा. पुसू नका.

तपासा: धुतलेला ग्लास पाण्याने ओला करून उपडा धरा. पाणी एकसंध पातळ पडद्यासारखं ओघळलं तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब तुटून थांबले तर अजून चिकटपणा आहे, पुन्हा धुवा. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तरीही निदान तेच.

## पायरी ४: तोंड, खोली, वेळ

जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. चहा, कॉफी, सुपारी, बडीशेप, टूथपेस्ट यांपैकी काहीही आधीच्या तासाभरात नको. उदबत्ती विझवा, फोडणीचा वास भरलेला असेल तर खिडक्या उघडा. मोगऱ्याचा गजरा किंवा अत्तरही त्या दिवशी दूर ठेवा.

मधेमधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनतुपाचा फुलका किंवा पाव. कुरमुरे नकोत. ते बिनमिठाचे असले तरी तांदळाचेच, आणि बिअरलाओत आपण नेमका तांदूळ शोधणार आहोत. मसाला शेंगदाणे, शेव, चिवडा यांची पाळी शेवटी येईल.

एका वेळी माणशी १०० मिलीच्या चार ओतण्यांपेक्षा जास्त नको. ५ टक्क्यांच्या ३३० मिली डब्यात साधारण १३ ग्रॅम मद्यार्क असतो. चाखणं म्हटलं तरी तो पोटात जातोच, त्यामुळे त्या संध्याकाळी गाडीची किल्ली घरातच राहू द्या. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात.

## पायरी ५: ओतणं

डब्यातून थेट प्यायलं तर नाकाला काही मिळत नाही आणि ओठाला धातू लागतो. ग्लास तिरका धरून कडेवरून सावकाश ओता, अर्धा झाला की सरळ करा आणि उरलेली बिअर मधोमध पडू द्या. दोन बोटं फेस आला पाहिजे. फेस म्हणजे कमी माल मिळाला, असं समजून तो टाळणारे पुष्कळ. पण फेसाबरोबर जास्तीचा वायू निघून जातो, पोट फुगत नाही आणि वास वर येतो.

आता पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरा. सिंघाचा रंग मला सोनेरी दिसतो, बिअरलाओचा गवती पिवळा, एक छटा फिकट. दोन्ही नितळ दिसायला हव्यात. फेस किती सेकंद टिकतो ते मोजा आणि लिहा.

## पायरी ६: आधी नाक

फेस अर्धा बसला की ग्लास हलकेच फिरवा, नाक काठाच्या आत न्या आणि दोन छोटे हुंगे घ्या. एकच लांब श्वास ओढू नका, नाक लवकर सरावतं. मग ग्लास बाजूला ठेवून स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. ती ओळखीची जागा, तिथे नाक पुन्हा शून्यावर येतं. परत दोन हुंगे.

काय शोधायचं?

सिंघात मला आधी धान्य लागतं. पावाचा आतला पांढरा भाग, किंचित मध, आणि त्याच्या मागून हॉप्सचा वाळल्या गवतासारखा, थोडा मसालेदार वास. बिअरलाओत तो हॉप्सचा वास दबका. तिथे मला साळीच्या लाह्या आठवतात. नागपंचमीला डबा उघडल्यावर येतो तसा कोरडा, गोडसर, भाजका वास, पण त्याची फक्त सावली. मी जवळजवळ दोन वर्षं त्याला नुसतं "गोड" लिहीत होतो. एका श्रावणात लाह्या हातात घेतल्या आणि शब्द सापडला.

मुद्दा हाच आहे. परदेशी चाखणाऱ्यांचे शब्द उसने घेऊ नका. ज्याने बिस्किट-ब्रेडच्या चार जाती हुंगल्या नाहीत त्याने तसं लिहून उपयोग नाही. आपल्याकडे पेज आहे, लाह्या आहेत, वाफाळलेला आंबेमोहोर आहे, मोड आलेले मूग आहेत, गवताची गंजी आहे. यातलं खरोखर आठवेल तेच लिहा. काहीच आठवलं नाही तर ती जागा कोरी सोडा.

सावधान: टेबलावर दुसरं कोणी असेल तर या पायरीला बोलू नका. एकाने "केळं" म्हटलं की सगळ्यांना केळं येतं. आधी प्रत्येकाने लिहायचं, मग वाचायचं.

## पायरी ७: घोट

पहिला घोट फक्त तोंड सरावायला. त्यावर मत देऊ नका.

दुसरा घोट चमचाभर नव्हे, तर तोंड व्यवस्थित ओलं होईल इतका घ्या. तीन सेकंद तोंडात फिरवा. वायूची टोचणी किती, अंगाने जड की हलकी, गोडवा कुठे सुरू होतो ते बघा. मग गिळा. चूळ भरून थुंकायचं नाही, कारण हॉप्सचा कडूपणा उशिराने उमटतो आणि गिळल्यानंतर जास्त नीट कळतो. कडू चव जिभेच्या फक्त मागच्या भागाला कळते हा समज चुकीचा आहे, ती सगळ्या जिभेला कळते.

गिळल्यावर तोंड मिटलेलं ठेवा आणि नाकातून सावकाश श्वास सोडा. ही कृती दहापैकी नऊ जण करत नाहीत आणि चवीचा मोठा भाग तिथेच गमावतात. घशामागून नाकात जाणारा वास हीच आपण जिला चव म्हणतो तिची अर्धी बाजू.

आता वीस सेकंद थांबा. पाणी नको, दुसरा घोट नको, बोलणं नको. शेवट बघायचा आहे. सिंघाचा कडूपणा या वेळात वर येतो आणि रेंगाळतो. कारल्यासारखा नव्हे, मेथीच्या कोवळ्या पानासारखा. बिअरलाओ मात्र स्वच्छ उतरते. थोडा गोडवा, मग कोरडेपणा, मग फारसं काही नाही. तांदळातला स्टार्च बहुतेक सगळा आंबून जातो आणि माल्टसारखं अंग मागे ठेवत नाही, म्हणून शेवट असा लवकर आवरतो. याला पाणचट म्हणणं चूक आहे. पाणचट म्हणजे सुरुवातीपासून पोकळ. इथे सुरुवात आहे, मध्य आहे, फक्त शेवट आखूड आहे.

माझा मेहुणा पहिल्यांदा बसला तेव्हा पहिल्याच घोटाला म्हणाला, "दाजी, हे तर निव्वळ पाणी आहे." त्याला म्हटलं, "नाकातून श्वास सोड आणि वीस आकडे मोज." चौदाला त्याने मान वर केली. "पेज," म्हणाला. "आजी द्यायची ती, मिठाशिवायची." हा शब्द मी त्याला सुचवला नव्हता.

## पायरी ८: ऊब आल्यावर दुसरं वाचन

ग्लासात तिसरा हिस्सा बिअर ठेवून द्या. पंधरा मिनिटांनी ती १२-१४ अंशांवर येईल. आता पुन्हा हुंगा, पुन्हा एक घोट. थंडीने झाकलेलं सगळं इथे उघडं पडतं. चांगली लागर या तापमानाला सपक होते, पण घाण होत नाही. वास बिघडला असेल तर तो दोष आधीपासूनच होता.

## पायरी ९: दोष कोणाचा?

वावगा वास आला की लगेच ब्रँडला नावं ठेवू नका. आधी खूण ओळखा.

- भिजलेला पुठ्ठा, जुनी वही: हवेने आणि उष्णतेने शिळी झालेली बिअर. साठवणीचा दोष. भारतात येईपर्यंत गोदामात तापलेल्या मालात हाच जास्त सापडतो.
- जळकं रबर, उग्रपणा: उजेड लागलेला. बाटली कुठे ठेवली होती ते आठवा.
- उकडलेलं मक्याचं कणीस: फिकट माल्टमधून येणारा गंधकयुक्त वास. पुसटसा असेल तर लागरमध्ये चालतो, कणीसच कणीस असेल तर दोष.
- लोणी, बटरस्कॉच: बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं काम पुरं होऊ दिलं नाही, किंवा नळातून ओतलेल्या बिअरची नळी अस्वच्छ.
- हिरवं, कच्चं सफरचंद: बिअर पुरती पिकण्याआधी बाहेर पडली.
- तांब्याचं नाणं, रक्त: डब्याला तोंड लावून प्यायलात का? ग्लासात ओतून पुन्हा बघा.

तपासा: दुसरा डबा उघडा, दुसऱ्या ग्लासात ओता. वास तसाच आला तर दोष त्या मालात. गेला तर तुमच्या ग्लासात किंवा त्या एका डब्यात. तीन डबे आणायला सांगितले ते यासाठी.

## पायरी १०: तीन ग्लासांची परीक्षा

आपल्याला फरक खरंच कळतो की लेबल वाचून कळल्यासारखा वाटतो? घरातल्या कोणाला तरी सांगा: दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, क्रम मनाने ठरवायचा आणि कागदावर लिहून लपवायचा. ग्लासांना कागद गुंडाळा, म्हणजे रंग दिसणार नाही. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा जमलं यात विशेष नाही. वेगवेगळ्या दिवशी सहा वेळा करा, त्यांपैकी पाच वेळा बरोबर आलं तर तुमच्या नोंदींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पहिल्या महिन्यात बहुतेकांचं चुकतं. खचू नका. चुकलेल्या वेळी काय लिहिलं होतं ते वाचा, कारण कोणती खूण फसवी होती ते तिथेच कळतं.

## पायरी ११: नोंद

"छान, ताजी, हलकी" ही नोंद नाही. महिन्याभराने वाचून काहीच आठवणार नाही. माझ्या वहीतली बिअरलाओची एक नोंद जशीच्या तशी देतो:

"डबा, तीन महिन्यांचा. ६ अंश. गवती पिवळी, नितळ. फेस ५० सेकंद, मग कडेला बारीक कडं. नाक: साळीच्या लाह्या, मागे ओलं गवत, अगदी पुसट. तोंड: गोडवा जिभेच्या शेंड्याशी, टोचणी मध्यम, अंग हलकं. कडू कमी, आठव्या सेकंदाला येतं, बाराव्याला जातं. शेवट कोरडा, पेजेच्या निवळीसारखा. १३ अंशांवर: कणीस किंचित. सपक, पण स्वच्छ."

आधी मोजता येणाऱ्या गोष्टी, मग वास, मग चव, मग शेवट, सगळ्यात शेवटी आवड-निवड. आवड आधी लिहिली की बाकीची नोंद तिच्या बाजूने झुकते.

## पायरी १२: आता बर्फ, आता चकणा

लाओस आणि थायलंडमध्ये ग्लासात बर्फ टाकून बिअर पिणं रोजचं आहे. मेकाँग नदीच्या काठावर संध्याकाळी बसलात तर बाटलीबरोबर बर्फाची बादलीही येते. आपल्याकडचे काही जण त्याला अडाणीपणा म्हणतात, ते मला पटत नाही. पस्तीस अंशांच्या दमट हवेत बिअर दहा मिनिटांत कोमट होते, त्यावर तिथल्या लोकांनी काढलेला हा चोख उपाय आहे. फक्त तो चाखून झाल्यावर. २०० मिली बिअरमध्ये ५० मिली बर्फ वितळला की ५ टक्क्यांची बिअर ४ टक्क्यांची होते, आणि लाह्यांचा वास आधी जातो.

मुद्दाम एक ओतणं बर्फासह करून नोंद घ्या. सिंघाचा कडूपणा थोडं पाणी सहन करतो. बिअरलाओचा गोडवा पातळ होतो, पण कोरडा शेवट टिकतो.

त्यानंतर ताट. व्हिएन्तियानमध्ये बिअरलाओसोबत मी लाप खाल्लं होतं, म्हणजे बारीक चिरलेलं मांस, लिंबू, पुदिना, मिरची आणि भाजून कुटलेले तांदूळ. तो भाजका तांदूळ आणि बिअरमधला तांदूळ एकमेकांना ओळखतात. घरी जमवायचं तर कोळंबीच्या सुक्क्यावर किंवा कैरी-कांद्याच्या कोशिंबिरीवर एक चमचा तांदूळ कोरडे खमंग भाजून, जाडसर कुटून भुरभुरवा. तिखट बेताचं ठेवा. वायूची टोचणी आणि मिरची एकत्र आली की जीभ पोळते, आणि जास्त कडू बिअर ती आग वाढवते, म्हणून तिखट ताटाला सिंघापेक्षा बिअरलाओ बरी.

उरलेले डबे आठवड्याभराने, वेगळ्या वारी, त्याच ग्लासांतून पुन्हा उघडा. आधीची नोंद झाकून ठेवा आणि नवी लिहून झाल्यावरच दोन्ही शेजारी ठेवा. दोन्ही वेळा जे शब्द आले त्यांच्याखाली रेघ मारा. लाह्या, मेथी, पेज असं जे काही तुमचं असेल ते त्या बिअरचं. एकदाच आलेले शब्द पेन्सिलीने कंसात टाका आणि पुढच्या डब्याची वाट बघा.